आकडे एका मापावर आणताना : माहितीचित्र तयार करण्याची रीत

जुलै संपत आला आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाने जोर धरला, की बेळगाव जिल्ह्यातील चिक्कोडी, निपाणी, रायबाग आणि अथणी या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांमध्ये मोबाइलवर एक तक्ता फिरू लागतो. कोयना, हिडकल, नविलुतीर्थ, आलमट्टी अशी धरणांची नावे एकाखाली एक लिहिलेली असतात आणि त्यांच्यासमोर पातळी, साठा, आवक आणि विसर्ग यांचे आकडे असतात. आलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर, हिडकलची २१७५ फूट आणि नविलुतीर्थची २०७९.५० फूट आहे. हे आकडे बरोबर असले, तरी आज रात्रीच गोठ्यातील जनावरे हलवावीत की सकाळपर्यंत थांबावे, असा प्रश्न ज्याच्यासमोर आहे त्याला त्यांतून काहीच उमगत नाही. एक आकडा मीटरमध्ये आणि दोन फुटांमध्ये आहेत. शिवाय ते समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतात, पाण्याची खोली नव्हे. त्यामुळे मापे एक करून घेतली, तरी एका धरणाच्या पातळीची दुसऱ्या धरणाच्या पातळीशी तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

आता सर्रास इन्फोग्राफिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माहितीचित्राची गरज अशा ठिकाणी भासते. वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या मापांत, आणि आपल्या सीमाभागात तर दोन राज्यांच्या दोन भाषांत विखुरलेले आकडे एका मापावर आणून डोळ्यांना त्यांची थेट तुलना करता येईल अशी मांडणी, अशी मी माहितीचित्राची व्याख्या करतो. दोन काठ्या शेजारी उभ्या केल्या की लांब कोणती हे मोजल्यावाचून कळते. चांगल्या आलेखाचे आकर्षण याच साध्या गोष्टीत आहे. २०२० च्या साथीत, शाळा सुटल्यापासून आलेख न पाहिलेल्या माणसांनीही रोज चढत-उतरत जाणारी रुग्णसंख्येची रेषा पाहिली आणि तिच्यावरून घरातील लग्ने, प्रवास आणि बाजारहाट यांचे निर्णय घेतले. आज पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, ग्रामपंचायतीचा जमाखर्च, शाळेचा निकाल आणि बाजार समितीतील दर हे सगळे मोबाइलच्या पडद्यावर येतात. त्या लहानशा पडद्यावर बारा स्तंभांचा तक्ता वाचणे कोणालाही शक्य नसल्यामुळे चित्राचे महत्त्व वाढतच जाणार आहे. म्हणूनच ते चित्र नीट काढता येणे हे आता केवळ छपाईखान्यातील कलाकाराचे काम राहिलेले नाही. शिक्षकाला, संस्थेच्या सचिवाला आणि गावातील जाणत्या तरुणालाही ते यायला हवे.

आधी प्रश्न, मग आकडे

कोणतेही साधन उघडण्यापूर्वी कोऱ्या कागदावर एक प्रश्न लिहावा आणि तो कोणाचा आहे हेही त्याखाली लिहावे. ‘धरणांची माहिती’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘कल्लोळजवळ कृष्णेचे पाणी वाढते आहे की ओसरते आहे?’ हा प्रश्न आहे आणि तो चिक्कोडी तालुक्यातील काठावरच्या शेतकऱ्याचा आहे. प्रश्न इतका नेमका झाला, की कोणते आकडे घ्यायचे आणि कोणते टाकायचे हे आपोआप ठरते. कोयना नदी कऱ्हाडला कृष्णेला मिळते, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला मिळते आणि त्यानंतर ते पाणी कर्नाटकात शिरते. म्हणून या शेतकऱ्याला कोयनेचा विसर्ग, पंचगंगेची पातळी आणि दूधगंगा-वेदगंगेचे पाणी हवे असते. हिडकल धरण घटप्रभेवर आहे आणि त्याचा विसर्ग गोकाकच्या माणसाला महत्त्वाचा असतो. नविलुतीर्थ मलप्रभेवर आहे आणि त्याची चिंता रामदुर्गच्या माणसाला असते. चारही धरणे एका चित्रात कोंबून सर्वांना पाठवली, तर प्रत्येकाला आपल्या उपयोगाचा आकडा इतरांच्या आकड्यांतून शोधत बसावे लागते. तीन ठिकाणच्या वाचकांसाठी तीन वेगळी चित्रे करणे हे जास्त श्रमाचे वाटले, तरी तेच योग्य आहे.

आकडे गोळा करताना

हा टप्पा मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण चित्रातील बहुतेक चुका चित्र काढताना होत नाहीत. त्या इथे, आकडे उतरवून घेताना होतात. सार्वजनिक आकडेवारी मिळवण्याच्या जागा आता पुष्कळ आहेत. भारत सरकारचे खुल्या आकडेवारीचे संकेतस्थळ २०१२ पासून चालू आहे. जनगणनेचे तक्ते तालुक्यापर्यंत आणि गावापर्यंत मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीची जिल्हानिहाय पत्रके उपलब्ध आहेत. शेतमालाचे रोजचे दर अ‍ॅगमार्कनेटवर असतात, तर पाऊस आणि जलाशय यांसाठी कर्नाटकाचे राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र आणि महाराष्ट्राचा जलसंपदा विभाग या दोन्हींकडे पाहावे लागते. अडचण मिळवण्यात फारशी नसते, जुळवण्यात असते.

पहिली अडचण नावांची आहे. एकाच शहराला एका तक्त्यात बेळगाव, दुसऱ्यात बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांत बेळगावी म्हटलेले आढळते. सौंदत्ती तालुका जनगणनेत परसगड या नावाने येतो. संगणक या नावांना वेगवेगळी गावे समजतो आणि दोन तक्ते जोडताना काही ओळी गुपचूप गळून जातात. म्हणून जोडणी नावाने न करता जनगणनेच्या सांकेतिक क्रमांकाने करावी आणि जोडण्यापूर्वीची व जोडल्यानंतरची ओळींची संख्या मोजून पाहावी.

दुसरी अडचण अधिक खोल आहे, कारण इथे नाव तेच राहते आणि प्रदेश बदलतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. पुनर्रचनेत उरलेला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड मुंबई राज्यातच, कोल्हापूर जिल्ह्यात राहिला. त्यामुळे १९५१ आणि १९६१ या दोन जनगणनांतील ‘बेळगाव जिल्हा’ एका रेषेने जोडला, तर ती रेषा न घडलेली गोष्ट सांगू लागते. अलीकडचे उदाहरण घ्यायचे, तर २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचे दहा तालुके होते. त्यानंतर चिक्कोडीतून निपाणी, अथणीतून कागवाड, गोकाकमधून मूडलगी आणि बैलहोंगलमधून कित्तूर असे नवे तालुके निघाले. २०२१ ची जनगणना ठरलेल्या वेळी झाली नाही आणि आपल्याला अजूनही २०११ चेच आकडे वापरावे लागतात. मग आजच्या चिक्कोडीतील शाळांची संख्या २०११ च्या, म्हणजे निपाणीसह असलेल्या चिक्कोडीच्या लोकसंख्येने भागली, तर उत्तर चुकणारच. अशा वेळी नवे तालुके पुन्हा जुन्यात मिसळून बेरीज करावी आणि चित्राच्या तळाशी तसे स्पष्ट लिहावे.

तिसरी अडचण मापांची आहे. कर्नाटकातील जमिनीचा उतारा एकर-गुंठ्यांत असतो, तर महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. निपाणीच्या शेतकऱ्याचे एकरी ४० टन ऊस आणि कागलच्या अहवालातील हेक्टरी ९९ टन हे जवळजवळ एकच उत्पादन आहे, कारण एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. रूपांतर न करता हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर सीमेच्या एका बाजूची शेती दुसरीच्या अडीचपट पिकते असा समज पसरतो. आपल्याकडे दोन्ही बाजूंना नातीगोती असल्यामुळे असे समज चटकन वाऱ्यावर जातात आणि मग भांडणालाही कारण होतात. पाण्याच्या बाबतीत टीएमसी आणि क्युसेक यांचा संबंध वाचकाला समजावून द्यावा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी आणि एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट प्रवाह. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर एक लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालू राहिल्यास ८.६४ टीएमसी पाणी वाहून जाते. त्या वेगाने हिडकलच्या ५१ टीएमसीइतके पाणी वाहायला जवळजवळ सहा दिवस लागतील. असे एखादे रूपांतर चित्राच्या कोपऱ्यात दिले, की ‘लाख क्युसेक’ हा भीती घालणारा शब्द मोजता येणारी गोष्ट बनतो.

सरासरीबद्दलही इथेच सावध केले पाहिजे. खानापूर तालुक्यातील कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातील अथणी ही पर्जन्यछायेतील कोरडी भूमी आहे. या दोन्हींना एकत्र करून काढलेला ‘जिल्ह्याचा सरासरी पाऊस’ जिल्ह्यातल्या फार थोड्या गावांवर पडतो. सरासरी काढण्याआधी सगळे आकडे एका रेषेवर ठिपक्यांनी मांडून पाहावेत. ठिपके दोन टोकांना जमले असतील, तर सरासरी सोडून द्यावी आणि ती दोन टोकेच दाखवावीत.

आकार निवडताना

विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ साली व्यापाराच्या आकडेवारीचे रेषालेख प्रसिद्ध केले. स्कॉटलंडच्या बाबतीत मात्र त्याच्याजवळ एकाच वर्षाचे आकडे होते, काळाची रेषा काढणे शक्य नव्हते, म्हणून त्याने प्रत्येक देशाशी असलेल्या आयात-निर्यातीसाठी आडव्या पट्ट्या काढल्या. स्तंभालेखाचा जन्म असा आकड्यांच्या उणिवेतून झाला आणि त्यात आजही उपयोगी पडणारा नियम आहे: काळ वाहत असेल तर रेषा काढावी, एकाच क्षणी अनेक गोष्टी शेजारी ठेवायच्या असतील तर पट्ट्या काढाव्यात. वृत्तालेखही प्लेफेअरनेच १८०१ साली आणला. त्याचा आपल्याकडे फार सोस आहे. पतसंस्थेचा अहवाल उघडावा तर दहा फाकांचे रंगीत वर्तुळ समोर येते आणि कोणती फाक मोठी हे ठरवण्यासाठी शेवटी आकडेच वाचावे लागतात. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रयोगांच्या आधारे दाखवले, की एकाच मोजपट्टीवरील जागा माणसाचा डोळा सर्वांत अचूक ओळखतो. लांबी आणि कोन त्यानंतर येतात, क्षेत्रफळ आणखी मागे राहते आणि रंगाची छटा सर्वांत शेवटी येते. म्हणून वृत्तालेख दोन किंवा तीन हिश्श्यांपुरताच ठेवावा आणि त्यापुढे आडव्या पट्ट्या वापराव्यात. आडव्या पट्ट्यांचा आणखी एक लाभ असा, की ‘बहुउद्देशीय प्राथमिक कृषी पतपुरवठा’ यांसारखी लांब मराठी नावे सरळ लिहिता येतात. उभ्या स्तंभाखाली ती तिरकी करावी लागतात आणि वाचकाला मान वाकडी करावी लागते.

क्षेत्रफळाचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरानंतर मी धरणांची क्षमता दाखवणारे एक चित्र केले होते. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आणि हिडकलची ५१, म्हणजे साधारण दुप्पट. म्हणून मी पाण्याचे दोन थेंब काढले आणि कोयनेचा थेंब उंचीला दुप्पट केला. आकार बिघडू नये म्हणून रुंदीही दुप्पट झाली. चित्र देखणे दिसत होते. दोन दिवसांनी कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्याचा फोन आला आणि त्यांनी विचारले, ‘‘कोयना म्हंजे हिडकलच्या चौपट की ओ सर?’’ त्यांनी अगदी बरोबर पाहिले होते. उंची आणि रुंदी दोन्ही दुप्पट केल्यावर थेंबाचे क्षेत्रफळ चौपट झाले होते आणि त्यांच्या डोळ्यांनी तेच मोजले होते. थेंबच काढायचा असता, तर बाजू दुपटीच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४१ पटीने वाढवायला हवी होती. त्या दिवसापासून परिमाण दाखवण्यासाठी मी पट्ट्यांशिवाय दुसरे काही वापरत नाही, आणि थेंब, ऊस किंवा माणूस यांची चिन्हे फक्त ओळख पटवण्यापुरती, सर्वत्र एकाच आकाराची, बाजूला ठेवतो.

तेच चित्र योग्य रीतीने कसे करावे हे सांगतो, कारण ते आलेखकागदावर अर्ध्या तासात करून पाहता येते. एका टीएमसीला एक मिलिमीटर हे प्रमाण धरावे. आलमट्टीच्या १२३.०८ टीएमसीसाठी १२३ मिलिमीटर लांबीची, कोयनेसाठी १०५, हिडकलसाठी ५१ आणि नविलुतीर्थच्या ३७.७३ साठी ३८ मिलिमीटरची आडवी पट्टी काढावी. सर्व पट्ट्या डावीकडे एकाच उभ्या रेषेपासून सुरू व्हाव्यात आणि आतून कोऱ्या ठेवाव्यात. ही झाली प्रत्येक धरणाची क्षमता. आता आजचा साठा जितका असेल तितक्या लांबीपर्यंत पट्टी गडद निळ्या रंगाने भरावी आणि तिच्या टोकाशी टीएमसीचा आकडा व टक्केवारी दोन्ही लिहावे. दोन्ही लिहिण्याचे कारण असे, की नुसती टक्केवारी फसवते: आलमट्टी निम्मे भरले तरी त्यात साडेएकसष्ट टीएमसी पाणी असते, म्हणजे काठोकाठ भरलेल्या हिडकलपेक्षाही अधिक. नुसती पातळीही फसवते, कारण जलाशय वर रुंद होत जातो आणि शेवटच्या एका फुटात मावणारे पाणी तळाच्या एका फुटापेक्षा कितीतरी जास्त असते. कोऱ्या आणि भरलेल्या पट्टीच्या या मांडणीत क्षमता, साठा आणि उरलेली जागा या तिन्ही गोष्टी एकाच मापावर येतात आणि पुराच्या दिवसांत उरलेली जागाच सर्वांत मोलाची असते.

पट्टी नेहमी शून्यापासून सुरू झाली पाहिजे, यात तडजोड करू नये. समजा एखाद्या संस्थेच्या ठेवी ५० कोटींवरून ५२ कोटींवर गेल्या. ही वाढ चार टक्क्यांची आहे. मोजपट्टी ४९ कोटींपासून सुरू केली, तर दुसरी पट्टी पहिलीच्या तिप्पट दिसते आणि वार्षिक सभेत टाळ्या मिळतात. पण सभासदांच्या डोळ्यांना जे दिसले ते खोटे असते, आकडे कितीही खरे छापलेले असोत. रेषालेखाला मात्र हे बंधन लागू नाही. नदीची पातळी समुद्रसपाटीपासून मोजली जाते, तिथे शून्यापासून सुरुवात केली तर पुराची चढण सपाट रेषेत लपून जाईल. तिथे इशारा पातळी आणि धोका पातळी या दोन आडव्या रेषा ठळक काढाव्यात, जेणेकरून वाचक पाण्याची तुलना त्या रेषांशी करील. रेषालेखातील तासांचे अंतर समान राहिले पाहिजे, आणि मधल्या रात्रीच्या नोंदी मिळाल्या नसतील, तर रेषा तिथे तुटलेली दाखवावी.

नकाशा केव्हा काढावा

ठिकाणाचा प्रश्न असेल तरच नकाशा काढावा. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ पसरली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू झालेल्या घरांपाशी नकाशावर काळ्या रेघा रचल्या आणि सार्वजनिक पंपांच्या जागा दाखवल्या. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती होती. आपल्या गावात डेंगी किंवा जुलाबाची साथ आली, तर गावाच्या नकाशावर विहिरी, कूपनलिका आणि जलवाहिनीच्या चाव्या दाखवून हेच करता येते. मात्र रुग्णाचे घर ओळखू येऊ नये म्हणून ठिपका घरावर न ठेवता गल्लीवर ठेवावा.

जिल्हे किंवा तालुके रंगाने भरण्याचे नकाशे अधिक जपून करावेत. २०११ मध्ये बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती आणि कोडगू जिल्ह्याची सुमारे साडेपाच लाख. कोणत्याही गोष्टीची एकूण संख्या रंगवली, मग त्या शाळा असोत, अपघात असोत किंवा दुचाकी असोत, तरी बेळगाव गडदच दिसणार, कारण तो नकाशा शेवटी माणसांची संख्याच दाखवत असतो. म्हणून दर हजारी किंवा दर चौरस किलोमीटरचे प्रमाण काढूनच रंग भरावा. खानापूरसारखा विस्तीर्ण आणि जंगलाने व्यापलेला तालुका अशा नकाशात डोळ्यांत भरतो, पण तिथे वस्ती विरळ आहे, हेही वाचकाला सांगावे लागते.

भाषेचा नकाशा करायचा असेल तर जनगणनेतील मातृभाषेचा तक्ता आणि द्वैभाषिकतेचा तक्ता हे दोन वेगळे आहेत, हे विसरू नये. मातृभाषा मराठी असलेली आणि कन्नड उत्तम बोलणारी, किंवा उलट असलेली, हजारो माणसे आपल्या शेजारी राहतात. एका रंगाने भरलेला तालुका त्यांना पुसून टाकतो.

रंग आणि अक्षरे

रंग आपल्या भागात निरागस राहत नाहीत. लाल-पिवळी जोडी पाहिली की कन्नड ध्वज आठवतो आणि भगवा पाहिला की मराठी बाजू. पाण्याच्या किंवा शाळेच्या चित्रात हे रंग सहज म्हणून वापरले, तरी वाचक आकडा पाहण्याआधी चित्र कोणाचे आहे हे ठरवून मोकळा होतो. मी निळा, करडा आणि तपकिरी यांवर भर देतो आणि ज्या एका पट्टीकडे लक्ष वेधायचे तिलाच गडद करतो. लाल आणि हिरव्याची जोडी आणखी एका कारणासाठी टाळावी: अनेकांना, विशेषतः पुरुषांना, हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. चित्र एकदा झेरॉक्स करून पाहावे. काळ्या-पांढऱ्या प्रतीतही फरक कळत असेल तर रंगांची निवड बरोबर आहे.

अक्षरांसाठी युनिकोड टंकच वापरावा. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही मोफत मिळतात आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतात. जुन्या छपाईखान्यांतील श्रीलिपीसारख्या पद्धतीत टंकलेला मजकूर थेट चिकटवला, तर अक्षरांची खिचडी होते, म्हणून आधी रूपांतर करून शुद्धलेखन तपासावे. वेलांट्या, रफार आणि उकार यांना वर-खाली जागा लागत असल्यामुळे ओळींमधले अंतर ऐसपैस ठेवावे. काही सॉफ्टवेअर जोडाक्षरे फोडून हलन्त दाखवतात. ‘कृष्णा’, ‘विसर्ग’ आणि ‘चिक्कोडी’ हे तीन शब्द टंकून पाहिले की ते लगेच कळते. मोठे आकडे लाख-कोटीच्या स्वल्पविरामांनी लिहावेत. परदेशी साधने ४,७७९,६६१ असे तोडतात, ते ४७,७९,६६१ असे करून घ्यावे, आणि एकाच चित्रात देवनागरी व इंग्रजी अंकांची सरमिसळ होऊ देऊ नये.

चित्र कन्नडमध्येही जाणार असेल, आणि बाजारपेठेत किंवा पूरनियंत्रणाच्या कामात ते जावेच, तर मजकूर चित्रापासून वेगळ्या थरात ठेवावा, म्हणजे पट्ट्या तशाच ठेवून केवळ शब्द बदलता येतात. कन्नड जोडाक्षरे अक्षराखाली लिहिली जात असल्यामुळे खालची जागा आधीच मोकळी ठेवलेली बरी. मराठीवरून भाषांतर करून दिलेल्या चित्रापेक्षा दोन्ही भाषांत एकाच वेळी, एकाच आकड्यांवरून झालेल्या चित्रावर लोकांचा विश्वास अधिक बसतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

मांडणी आणि तपासणी

एकाहून अधिक आलेख जोडून मोठे माहितीचित्र करताना वाचकाची नजर कोणत्या वाटेने जाईल हे आधी ठरवावे. कृष्णेच्या पुरासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेली मांडणी नदीला सरळ रेषा करण्याची आहे. हॅरी बेक यांनी केलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यात खरी अंतरे आणि वळणे सोडून केवळ स्थानकांचा क्रम आणि जोड राखले होते. त्याच रीतीने वरून खाली एक जाड रेघ काढावी, तिच्यावर कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी, राजापूर बंधारा, कल्लोळ आणि शेवटी आलमट्टी असे ठिपके क्रमाने द्यावेत, आणि ज्या ठिकाणी कोयना, पंचगंगा किंवा दूधगंगा येऊन मिळते तिथे बाजूने बारीक रेघ जोडावी. प्रत्येक ठिपक्यापुढे एकच आकडा लिहावा आणि पाणी चढते आहे की उतरते आहे याचा बाण द्यावा. वरचे पाणी खाली यायचे आहे, हे कोणालाही शब्दांत सांगावे लागत नाही.

शीर्षक पूर्ण वाक्यात लिहावे. ‘जलाशय स्थिती’ असे लिहिण्यापेक्षा ‘कोयनेचा विसर्ग कालपेक्षा वाढला आहे’ असे लिहिले, तर चित्र पुढे न वाचणाऱ्यालाही मुख्य गोष्ट मिळते. तारीख, वेळ आणि आकडे कोठून घेतले हे चित्राच्या आतच छापावे, कारण चित्र एका गटातून दुसऱ्या गटात जाते तेव्हा सोबतचा मजकूर मागे राहतो आणि २०१९ चे चित्र पुढच्या एखाद्या पावसाळ्यात ताजे म्हणून फिरते.

साधनांविषयी थोडेच सांगतो. गूगल शीट्स किंवा लिबर ऑफिसमधील कॅल्क यांवर बहुतेक आलेख होतात. डेटारॅपरवर स्वच्छ पट्ट्या आणि नकाशे लवकर होतात. नकाशाचे गंभीर काम क्यूजीआयएसवर करावे आणि अखेरची जुळवाजुळव इंकस्केपवर किंवा कॅन्व्हावर करावी. यांतील लिबर ऑफिस, क्यूजीआयएस आणि इंकस्केप पूर्णपणे मोफत आहेत. चित्राची रुंदी १०८० पिक्सेल ठेवली, तर मोबाइलवर ते नीट बसते. व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून अक्षरे पुसट करते, म्हणून बारीक मजकूर असल्यास ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. त्याआधी विषयाशी संबंध नसलेल्या एका माणसाला ते हातभर अंतरावरून दहा सेकंद दाखवावे आणि काय कळले ते विचारावे. त्या वेळी आपण काहीही समजावून सांगू नये. त्याने चुकीचे सांगितले तर चित्र दुरुस्त करावे.

पाठवल्यानंतर चूक आढळली, तर पहिले चित्र मागे घेण्याचा प्रयत्न करूनही ते कोठेतरी उरतेच, हे गृहीत धरावे. नव्या चित्राची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची ठेवावी, म्हणजे मोबाइलमधील लहान चौकटीतही जुने-नवे ओळखता येते. वरच्या कोपऱ्यात ‘सुधारित’ हा शब्द, तारीख आणि वेळ लिहावी, कोणता आकडा बदलला ते एका ओळीत सांगावे आणि ज्या गटांवर पहिले चित्र गेले होते त्याच गटांवर ते पुन्हा पाठवावे. पूर ओसरल्यावर दोन्ही चित्रे, मूळ तक्ते आणि केलेली रूपांतरे तारखेनुसार एका ठिकाणी जपून ठेवावीत, कारण पुढच्या जुलैमध्ये काम तिथूनच सुरू करायचे असते.